पंडितेची शरणागती

जुन्नर तालुक्यातील आळे या गावी ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्याच्या मुखातून वेद उच्चारले गेले, तो रेडा परतीच्या वाटेवर येथे निवर्तला आणि ज्ञानदेवांनी त्याला समाधी दिली, अशी परंपरा सांगते. त्याच तालुक्यात ओतूरला चैतन्यस्वामींची समाधी आहे. परंपरेने ते तुकोबांचे गुरू मानले जातात आणि तुकोबांना गुरुमंत्र मिळाला तो स्वप्नात, कोणत्याही अभ्यासाचे फळ म्हणून नव्हे. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेल्या या दोन कथांचा मथितार्थ एकच आहे. जे पांडित्याला साधत नाही, ते नम्रतेला अनायासे लाभते. हा सिद्धांत कीर्तनात ऐकावयास गोड वाटतो. परंतु जो खरोखरीच पंडित आहे आणि ज्याचे पांडित्य हेच त्याचे एकमेव धन आहे, त्याला तो आचरणात आणणे किती कठीण जाते, याचे उदाहरण याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दौंड तालुक्यातील केडगाव येथे, इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. ते उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांची वाट वारकऱ्यांची नव्हती, ख्रिस्ताची होती. पण प्रश्न तोच होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे जातिवंत विद्वान. तरुणपणी पुण्यास अध्ययन करीत असता पेशव्यांच्या घराण्यातील स्त्रीला संस्कृत शिकविले जात असल्याचे त्यांनी पाहिले आणि आपल्याही पत्नीला देववाणी शिकवावी, असा त्यांचा निश्चय झाला. या अपराधाबद्दल उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांना आपल्या मताचे समर्थन करावे लागले. पत्नी लक्ष्मीबाई संस्कृत शिकल्या आणि पुढे त्यांनीच आपल्या धाकट्या कन्येला पहाटेच्या अंधारात भागवताचे श्लोक मुखोद्गत करविले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी या मुलीला हजारो श्लोक पाठ होते. त्या काळात एखाद्या ब्राह्मण मुलीजवळ सासर असे, दागिने असत, मुले असत. रमाबाईंजवळ केवळ श्लोक होते.

घरदार सोडून हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि पुराण सांगून मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करू लागले. भीमाशंकराला जाणारा यात्रेकरू दर्शन घेऊन आपल्या गावी परततो. डोंगरे कुटुंबाला परतावयास गावच उरले नव्हते. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि पुराण ऐकणारेही अन्नाला महाग झाले. झाडपाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. वृद्ध अनंतशास्त्रींनी जलसमाधीचा विचार बोलून दाखविला. अखेर ते गेले, पाठोपाठ आई गेली, नंतर थोरली बहीण गेली. उरले ते रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास. या दोघांनी हजारो मैलांची पायपीट करीत उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत खड्डे खणून त्यांत अंग झाकून घेण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. व्रते केली, दाने दिली, तीर्थांचे स्नान केले. शास्त्रांत सांगितलेले फळ मात्र दिसले नाही. श्रद्धा ढळू लागली ती कोणत्याही मिशनऱ्याच्या उपदेशाने नव्हे, तर भुकेल्या पोटी प्रामाणिकपणे मांडलेल्या हिशेबाने.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली, आणि ज्या विद्येने आजवर पोटभर अन्नही दिले नव्हते, तिने एकाएकी कीर्ती दिली. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली, त्यांना पंडिता म्हटले, सरस्वती ही पदवी दिली. वीस वर्षांच्या एका निराधार मुलीचा हा सन्मान त्या काळी अपूर्वच होता. परंतु कीर्ती आणि समाधान या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेद दिला आणि तो वाचण्यास सांगितले. अंतःपुरातील स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रांचा अभ्यास आरंभिला. ग्रंथाग्रंथांत मतभेद होते. स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा सरळ अधिकार नाही, या मुद्द्यावर मात्र त्यांना सर्वत्र एकवाक्यता आढळली. संस्कृत येत असल्यामुळेच हे त्यांना वाचता आले. ज्ञानाने त्यांना दार दाखविले, आणि ते दार आपल्यासाठी बंद आहे हेही ज्ञानानेच दाखविले.

१८८० मध्ये ढाक्यास श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, भाषा निराळी. दोघांनाही आप्तस्वकीयांचा रोष पत्करावा लागला. सिलचर येथील घरात पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली, तीतून ख्रिस्तचरित्राशी त्यांचा पहिला निकटचा परिचय झाला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. तान्ह्या मुलीस घेऊन ही विधवा पुण्यास आली. रानडे, भांडारकर प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी त्यांची साक्ष झाली.

वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इच्छेने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. श्रवणशक्ती मंद असल्याने ती इच्छा सफल झाली नाही. वाँटेज येथील भगिनीसंघाकडे त्यांचे वास्तव्य होते. या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे पतित स्त्रियांच्या आश्रमात नेले. ज्या स्त्रियांना समाजाने उकिरड्यावर टाकले होते, त्यांची शुश्रूषा येथे मायेने होत होती. हे असे का, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी स्त्रीची आणि तिच्याशी बोलत बसलेल्या ख्रिस्ताची कथा ऐकावयास मिळाली. परक्या जातीच्या, बदनाम झालेल्या स्त्रीला धर्माचे परमरहस्य सांगणारा गुरू त्यांनी प्रथमच पाहिला. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्यासारख्या ब्राह्मण विद्वानाने ख्रिस्ती झाल्यावर केलेले विवेचनही त्यांच्यासमोर होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मातेने आणि कन्येने बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात एकच गहजब झाला. आपल्या विदुषीला परक्यांनी पळविले, अशी भावना पसरली. त्या वेळी त्यांची बाजू जाहीरपणे घेणाऱ्या थोड्या लोकांत जोतीराव फुले होते. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंचे समर्थन केले. येथवरचा भाग बहुतेकांना परिचित असतो आणि बहुतेक चरित्रकथा धर्मांतराशी येऊन थांबतात. वस्तुतः रमाबाईंच्या आंतरिक जीवनाच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा शेवट नव्हता. त्यानंतरची आठ वर्षे त्या अस्वस्थच होत्या.

या आठ वर्षांत त्यांनी इंग्लंडमधील धर्माधिकाऱ्यांशी जो वाद घातला, तो आज पत्रव्यवहाराच्या रूपाने उपलब्ध आहे. धर्ममाता म्हणून ज्या भगिनी जेराल्डीन यांना त्या मानीत, त्यांच्याशीच हा झगडा होता. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत? पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास आपल्याला मज्जाव का? त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीला पटल्यावाचून तो उच्चारावा का? बिशपांनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट सत्य कशी ठरते? हे त्यांच्या प्रश्नांचे स्वरूप होते. त्या शाकाहारी राहिल्या, पांढरी साडी नेसत राहिल्या. नम्रतेचा उपदेश त्यांना वारंवार केला गेला. पण त्या उपदेशातील नम्रता म्हणजे साहेबाच्या धर्मसत्तेपुढे मान तुकविणे आहे, हे त्यांनी ओळखले आणि तिला नकार दिला. काशीच्या पंडितांपुढे न वाकलेली मान कँटरबरीपुढे वाकविण्याचे त्यांना कारण दिसले नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती वर्णन करणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. व्याख्यानांतून साह्य मिळाले, बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे त्याच आनंदीबाई कर्वे म्हणून महर्षी कर्व्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. बाह्यतः पाहता रमाबाईंना आता काय उणे होते? विद्वत्ता होती, जगभर नाव होते, हाती पवित्र कार्य होते, स्वतः निवडलेला धर्म होता. तरी मनाला विसावा नव्हता.

१८९१ च्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. दीक्षा घेऊन, चर्च बांधून, वर्षानुवर्षे इतरांना उपदेश केल्यावर या गृहस्थाला एके दिवशी आपल्याच व्यासपीठावर उभे असता उमगले, की आपण धर्माविषयी सर्व काही जाणतो. पण ज्याच्याविषयी बोलतो, त्याच्यावर विसंबलेलो नाही. रमाबाईंना त्यात आपलेच प्रतिबिंब दिसले. आपण ख्रिस्ती धर्म मिळविला, ख्रिस्त मिळविला नाही, असा त्यांनी स्वतःविषयी निष्कर्ष काढला. धर्म त्यांनी तपासून, तुलना करून, युक्तिवादाने पत्करला होता. म्हणजे तोही त्यांच्या पांडित्याचाच एक विजय होता. आता जे मागितले जात होते ते निराळे होते. आपल्यात मोठा कोण, असा वाद घालणाऱ्या शिष्यांच्या मधोमध ख्रिस्ताने एक लहान मूल उभे केल्याचा प्रसंग शुभवर्तमानात आहे. मुलाजवळ पुण्याचा साठा नसतो, पदवी नसते, आईने आपल्याला का जेऊ घालावे याचे प्रमाण नसते. ते केवळ हात पुढे करते. रमाबाईंनी तेच केले. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या ‘माझी साक्ष’ या आत्मनिवेदनात त्यांनी या अनुभवाची हकीगत अत्यंत साध्या शब्दांत सांगितली आहे.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. ज्या नम्रतेला रमाबाईंनी इंग्लंडमध्ये नकार दिला आणि जी नम्रता त्यांनी पुण्यात पत्करली, त्या दोन्हींचे नाव एक असले तरी जात एक नव्हे. पहिली माणसाने माणसापुढे वाकण्याची. तिच्यामुळे एक मोठा होतो आणि दुसरा लहान. दुसरी देवापुढे रिकाम्या हातांनी उभे राहण्याची. तीत सर्वच सारखे लहान होतात आणि म्हणून कोणी कोणाला लहान करू शकत नाही. शरणागतीने त्यांचा कणा मोडला नाही, तर तो ताठ झाला. याचा प्रत्यय लगेच आला.

शारदा सदनात धर्माबाबत तटस्थता राखावयाची, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत; काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेचे रान उठविले. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. आश्रयाला आलेल्या असहाय मुलीवर आश्रयदात्याच्या धर्माचा प्रभाव पडणारच, आणि तेथे मोकळी निवड कितपत संभवते, हा प्रश्न रास्त होता. रमाबाईंचे म्हणणे असे, की आपण कोणाला बोलावीत नाही आणि आलेल्याला हाकलूनही देणार नाही. ही भूमिका कोणाला पटो वा न पटो. तिच्यासाठी त्यांनी प्रतिष्ठित मित्र गमावले आणि ते शांतपणे गमावले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. तेव्हा केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या आणि २४ सप्टेंबर १८९८ रोजी तेथे मुक्ति सदनाचा रीतसर आरंभ झाला. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. अमेरिकेतील मंडळींनी शारदा सदनासाठी दिलेले दहा वर्षांच्या साह्याचे वचन १८९८ मध्ये पुरे झाले होते. एवढ्या पसाऱ्याला निश्चित उत्पन्न नव्हते. ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर यांनी कोणाकडेही न मागता केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून अनाथालये चालविली होती. रमाबाईंनी तीच रीत स्वीकारली. तथापि हा विश्वास हात जोडून बसणाऱ्याचा नव्हता. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, तेलाचा घाणा, विणकाम, गाईगुरे, छापखाना असे उद्योग सुरू झाले. पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध स्त्रियांना मनोरमाबाईंनी वाचावयास शिकविले. लेकराची निश्चिंतता आणि गृहिणीची दक्षता ही दोन्ही एका ठिकाणी नांदू शकतात, हे केडगावने दाखविले.

आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी एका कामाला वाहिली. बायबलचे प्रचलित मराठी भाषांतर खेड्यातील स्त्रीला समजत नाही, असे त्यांना जाणवले. मग उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून संपूर्ण ग्रंथाचे सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. ज्या बाईला संस्कृतप्रचुर भाषा मातेच्या दुधाबरोबर मिळाली होती, तिने एकेक जड शब्द वेचून बाजूला काढावा आणि दुष्काळातून आलेल्या निरक्षर मुलीला कळेल असा शब्द शोधावा, हा पांडित्याचा सर्वांत मोठा त्याग होता. खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम आश्रमातील स्त्रियांनीच केले. पांडित्य त्यांनी टाकून दिले नाही. त्याला धाकट्या बहिणींच्या सेवेला लावले.

उत्तरायुष्यातील रमाबाईंवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. स्त्रियांच्या हक्कांसाठी दोन खंडांत गाजलेली, धर्मसत्तेला प्रश्न विचारणारी विदुषी केडगावच्या कुंपणाआड प्रार्थनेत हरवली आणि महाराष्ट्र एका स्वतंत्र विचारवंताला मुकला, असे सांगितले जाते. १९०५ मध्ये मुक्तीत शेकडो मुली एकत्र प्रार्थना करीत असता अश्रू, कंप आणि उच्च स्वरातील आक्रंदन यांचा जो उद्रेक झाला, त्याने त्या काळचे शिष्ट ख्रिस्ती लोकही बुचकळ्यात पडले. हा आक्षेप पूर्णपणे झटकून टाकता येत नाही. सार्वजनिक वादाच्या आखाड्यातून रमाबाई बाहेर पडल्या, हे खरे आहे. परंतु स्त्रीमुक्तीचा विचार मांडणारे त्या काळी थोडे का होईना होते. दोन हजार टाकलेल्या स्त्रियांना रोज जेऊ घालून, अक्षरओळख देऊन, हाताला काम देऊन माणसात आणणारे किती होते? विचारवंत हरवला असेल. विचार मात्र भाकरीच्या रूपाने रोज ताटात पडत होता.

वारकरी परंपरेशी या जीवनाची तुलना रमाबाईंना मान्य झाली असती असे नाही. पूर्वधर्माविषयी त्यांची मते कडक होती आणि त्या मतांमागे त्यांची स्वतःची जखम होती. तरीही विठ्ठलाला माउली म्हणून हाक मारणाऱ्या मराठी मनाला, आकाशातील पित्याकडे लेकराप्रमाणे पाहणारी ही विदुषी परकी वाटण्याचे कारण नाही. दैवत वेगळे, तत्त्वज्ञान वेगळे. कमाई विसरून कृपेसाठी पदर पसरण्याची रीत मात्र ओळखीची आहे.

अखेरची परीक्षा कठोर होती. ज्या कन्येने सर्व भार उचलावयाचा, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी एकुलती मुलगी, असा रमाबाईंचा हिशेब पुरा झाला. त्यांनी भाषांतराची मुद्रिते तपासणे चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे झोपेतच त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, आणि एके काळी त्यांना परकी ठरविणाऱ्या देशाने त्यांना आपले म्हटले.

शिकलेल्या माणसाची एक अडचण असते. जे मिळाले ते आपल्या गुणांनी मिळाले असे तो मानतो, म्हणून जे मिळाले नाही तेही आपल्या गुणांनीच मिळविले पाहिजे असा त्याचा आग्रह राहतो. मनाची शांतीही त्याला परीक्षेत उत्तीर्ण होऊन हवी असते. रमाबाईंनी तेहतिसाव्या वर्षी ही परीक्षा देण्याचे सोडून दिले. विद्या सोडली नाही, बाणा सोडला नाही, काम तर दसपटीने वाढविले. सोडली ती फक्त आपण पात्र आहोत हे सिद्ध करण्याची धडपड. एवढे एक ओझे उतरल्यावर दोन हजार जिवांचा भार त्या सहज उचलू शकल्या.